टोला हातांचा, जोर पायांचा

मुलांनो, गेल्या महिन्यात मला एक पोस्टकार्ड आलं. निळी शाई, खाली उतरत जाणाऱ्या ओळी आणि कोपऱ्यात मातकट अंगठ्याचा ठसा. लिहिणारा मुलगा सातवीत आहे. नाव छापू नका असं त्याने दोनदा बजावलंय, म्हणून छापत नाही. त्याचे बाबा एका गोल्फच्या मैदानावर माळी आहेत. सोमवारी मैदान बंद असतं, तेव्हा तिथल्या कामगारांच्या मुलांना तासभर खेळू देतात. जुन्या काठ्या आणि झुडपात सापडलेले चेंडू, एवढ्यावर त्यांचा खेळ चालतो.

त्याने लिहिलं होतं, "बाई, मी बारीक आहे. माझा चेंडू शंभर पावलांवर पडतो. मोठ्या दादांचा दुप्पट लांब जातो. ते म्हणतात, तुझ्या दंडात दम नाही. मी रोज पन्नास जोर काढतो, तरी चेंडू तेवढाच जातो. पुढच्या महिन्यात इथले सर चार मुलं निवडून त्यांना फुकट शिकवणार आहेत. मी काय खाऊ म्हणजे दंड लवकर जाड होतील?"

आता खरं सांगते, मी आयुष्यात गोल्फ खेळलेली नाही. आमच्या गावात गोल्फ म्हणजे टीव्हीवर चॅनेल बदलताना दिसणारं हिरवं गवत. पण त्या कार्डातलं "दंडात दम नाही" हे वाक्य वाचलं आणि मला आमच्या शाळेच्या मैदानावरचा एक दिवस आठवला. त्या दिवशी चूक माझी होती. ती आधी सांगते.

मागच्या वर्षी आमच्या केंद्राच्या क्रीडास्पर्धा होत्या. चेंडूफेकीसाठी माझ्या चौथीतली एक मुलगी उतरली होती. सरावाला तिचा चेंडू काही लांब जाईना. मी काय करावं? कडेला उभी राहून ओरडत होते, "हात फिरव! अजून जोरात! ताकद लाव!" ती बिचारी ओठ चावून दोन दिवस हात फिरवत राहिली. तिसऱ्या दिवशी तिचा खांदा इतका दुखायला लागला की फळ्यावर लिहिता येईना. चेंडू जिथे पडत होता तिथेच पडत राहिला.

तिची आई शाळेत आली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिचे आईवडील घिसाडी, गावाच्या वेशीपाशी त्यांची ऐरण असते. खुरपी, विळे, कुऱ्हाडी घडवतात. तुमच्यापैकी गावाकडच्यांनी पाहिलं असेल, बाबा सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसतात आणि घण मारते ती आई. आपल्याकडे "घणाचे घाव घालणारा" असं पुस्तकात लिहितात, पण इथे घालणारी असते! तर ती ताई मला अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, पोरीला आधी उभं राहायला शिकवा. मी दिवसभर घण मारते. हातानं मारला असता तर दुपारच्याला हात गळून पडला असता."

"मग कशानं मारता ताई?"

ती हसली आणि तिने पायाने जमिनीवर दोनदा थाप दिली.

संध्याकाळी मी मुद्दाम ऐरणीपाशी जाऊन उभी राहिले. घण वर जाताना तिची टाच किंचित उचलली जायची. तो खाली यायच्या आधी, लक्षात घ्या हं, आधी, तिचे गुडघे थोडे वाकायचे, कंबर फिरायची, मग खांदे, मग कोपर आणि अगदी शेवटी मनगट. हात जवळजवळ सैल. घण जणू तिच्या अंगातून वाहत यायचा. इतकी वर्षं त्या रस्त्याने शाळेत जाते, पण हे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

तेव्हा आपल्या सातवीतल्या मित्राला मी लगेच उत्तर पाठवलं. आज तेच जरा सविस्तर तुम्हा सगळ्यांना सांगते, कारण हे नुसतं गोल्फचं नाही.

आधी हिशोब पाहू. गोल्फचा चेंडू केवढा? नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहान लिंबाएवढा. लांब टोल्यासाठी जी काठी वापरतात तिला ड्रायव्हर म्हणतात. तिचं टोकाचं डोकं साधारण २०० ग्रॅमचं. वजन तर काहीच नाही! मग एवढा दम कशाला हवा? दम हवा तो वेगासाठी. नावाजलेल्या पुरुष खेळाडूंच्या काठीचं डोकं चेंडूपाशी येतं तेव्हा त्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास असतो. आणि काठी वरून खाली यायला वेळ किती मिळतो? जेमतेम पाव सेकंद. काठी आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात तो वेळ तर सेकंदाचा दोन हजारावा भाग, फार तर. "टप" म्हणायच्या आत सगळं आटोपलेलं असतं.

आता गंमत पाहा. माणसाचा एक हात म्हणजे त्याच्या वजनाचा साधारण विसावा भाग. सत्तर किलोच्या काकांचे दोन्ही हात मिळून सातेक किलो होतात. काठी पळवायची तर आधी हे सात किलोंचं ओझं पळवायला हवं! म्हणजे हात हे इंजिन नसून गाडीचे डबे आहेत. इंजिन खाली आहे. एक पाय म्हणजे वजनाचा जवळजवळ सहावा हिस्सा. शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू कुठे असतो, माहीत आहे? ज्याच्यावर बसून तुम्ही हे वाचताय तिथे. हसू नका! शास्त्रातली गोष्ट आहे. मांड्या, पुठ्ठे आणि पोटाचे आडवे-तिरपे स्नायू हे आपले बैल आहेत. दंड म्हणजे फार तर कासरा.

बैल ओढणार, पण पाय कशावर रोवणार? जमिनीवर. न्यूटनचा तिसरा नियम मोठ्या वर्गातल्यांनी वाचलाय, छोट्यांनी होडीतून काठावर उडी मारताना पाहिलाय. आपण पुढे गेलो की होडी मागे जाते. आपण जमिनीला जेवढं ढकलतो तेवढंच जमीन आपल्याला ढकलते. चांगला गोल्फपटू टोला मारतो तेव्हा त्याचा पुढचा पाय क्षणभर त्याच्या स्वतःच्या वजनाहून जास्त जोराने जमीन दाबतो. त्यांच्या बुटांना खाली बोंडं असतात ती दिखाव्यासाठी नव्हेत, पाय घसरू नये म्हणून असतात. पॉलिश केलेल्या फरशीवर पायमोजे घालून जोरात कंबर फिरवायला जा, पाय उलट्या बाजूला सरकतील. भिंतीला धरून करा आणि आजी झोपलेली असताना करू नका.

पण नुसते पाय दाबून भागत नाही. खरी करामत आहे ती क्रमाची.

साखळीचा खेळ खेळता ना? धरलेल्या मुलांनी हातात हात घालून मैदानभर पळायचं. साखळी लांब झाली आणि आतल्या टोकाचा मुलगा वळला की काय होतं? तो दोन पावलं टाकतो, पण शेवटच्या टोकाच्या पोराला वाऱ्यासारखं पळावं लागतं, कधीकधी तर तो फेकलाच जातो. टोल्याची साखळी अशीच असते. आतल्या टोकाला कंबर, तिच्या पुढे छाती-खांदे, मग हात, मग मनगट आणि सगळ्यात बाहेर काठीचं डोकं. कंबर सगळ्यात सावकाश फिरते, पण पहिली निघते. तिच्याहून जलद खांदे, त्यांच्याहून जलद हात. काठीचं डोकं सर्वांत उशिरा वेग घेतं आणि सर्वांत पुढे जातं. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकात शास्त्रज्ञांनी भराभर फोटो काढून आणि गणितं मांडून या टोल्याचा अभ्यास केला. कोक्रन आणि स्टॉब्ज या दोघांनी तो १९६८ साली पुस्तकरूपाने मांडला. त्यांचंही म्हणणं हेच होतं की एवढा जोर नुसत्या हातांतून निघणं शक्य नाही.

यात आणखी दोन गमती आहेत. पहिली गंमत पिळाची. काठी अजून वर जातच असते आणि तेवढ्यात कंबर खाली यायला निघते सुद्धा! वरचं अंग उजवीकडे, खालचं डावीकडे. ओला टॉवेल पिळताना दोन हात दोन दिशांना जातात ना, तसं. क्षणभर पोटाचे आणि पाठीचे स्नायू बेचकीच्या रबरासारखे ताणले जातात आणि मग सुटतात. हा क्षण इतका बारीक असतो की टीव्हीवर सावकाश दाखवतात तेव्हाच दिसतो. पुढच्या वेळी चॅनेल बदलू नका, थांबा जरा.

दुसरी गंमत ब्रेकची. एसटीत उभं राहून प्रवास करणाऱ्याला हे शिकवायला नकोच. ड्रायव्हरकाकांनी करकचून ब्रेक दाबला की बस थांबते आणि आपण पुढच्या काकूंच्या पिशवीवर! टोल्यातही चेंडूपाशी पोचायच्या आधी कंबर मंदावते. डावा पाय खांबासारखा ताठ होतो, कंबरेचा वेग खांद्यांकडे जातो, खांदे मंदावले की हातांकडे, हात मंदावले की काठीकडे. जो थांबतो तो आपली कमाई पुढच्याला देऊन थांबतो. तुम्ही नीरज चोप्राला भाला फेकताना पाहिलं असेल. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत त्याने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवलं. तो धावत येतो आणि फेकायच्या क्षणी डावा पाय कसा ताठ रोवतो, ते परत पाहा. धावण्याचा सगळा वेग त्या पायावर अडतो आणि वरून भाल्यात शिरतो.

पायांचं मोल कळायला एका माणसाची गोष्ट सांगते. बेन होगन, अमेरिकेतल्या टेक्सासचा. वडील लहानपणीच गेले, घरात चणचण. पोरगं वर्तमानपत्रं विकायचं, मग अकराव्या वर्षापासून गोल्फच्या मैदानावर लोकांच्या काठ्यांच्या पिशव्या उचलायला लागलं. अशा मुलाला कॅडी म्हणतात. अंगाने बारीकच. मोठेपणीही त्याचं वजन साठ-पासष्ट किलोच्या वर फारसं गेलं नाही. पण टोला असा की भल्याभल्यांनी बघत राहावं. सराव तो हातांना फोड येईपर्यंत करायचा. १९४८ पर्यंत तो अमेरिकेतला अव्वल खेळाडू झाला.

२ फेब्रुवारी १९४९. धुक्याची सकाळ. तो आणि त्याची बायको व्हॅलरी मोटारीने घरी निघाले होते. समोरून एक बस दुसऱ्या गाडीला मागे टाकत थेट त्यांच्या अंगावर आली. होगनने क्षणात काय केलं असेल? स्टिअरिंग सोडलं आणि बायकोला वाचवण्यासाठी तिच्या अंगावर आडवा झाला. ती थोडक्यात बचावली. त्याचाही जीव त्यानेच वाचला म्हणतात, कारण स्टिअरिंगचा दांडा त्याच्या रिकाम्या जागेत घुसला होता. पण कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गळपट्टीचं हाड मोडलं, डावा घोटा मोडला, बरगडी मोडली. पुढे पायात रक्ताच्या गाठी झाल्या. त्या हृदयाकडे जाऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी पोटातली मोठी शीरच बांधून टाकली. त्यामुळे पायांतून रक्त परत वर यायची पंचाईत. पाय सुजायचे, दुखायचे. हा पुन्हा चालेल का, याचीच शंका होती, खेळण्याचं तर नावच नको.

घोटा, पाय, कंबर. आत्ता आपण ज्यांना इंजिन म्हटलं, तेच सगळं मोडलं होतं.

सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या मेरियनच्या मैदानावर यू. एस. ओपन स्पर्धेला उभा राहिला. दोन्ही पायांना घोट्यापासून मांडीपर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या. सकाळी गरम पाण्यात पाय शेकायचे, पट्ट्या बांधायच्या, खेळायचं, रात्री पुन्हा शेकायचं. शेवटच्या दिवशी त्या काळी एकाच दिवसात ३६ होल खेळावे लागत. म्हणजे दिवसभर चालणं. एका टोल्यानंतर तर पाय असा धरला की तो पडता पडता वाचला. दिवस संपला तेव्हा तिघांची बरोबरी! म्हणजे दुसऱ्या दिवशी आणखी १८ होल. होगनने तेही खेळले आणि जिंकला. १९५३ साली तर मास्टर्स, यू. एस. ओपन आणि ब्रिटनमधली ओपन, या तिन्ही मोठ्या स्पर्धा त्याने एकाच वर्षात जिंकल्या.

पुढे १९५७ मध्ये त्याने गोल्फ शिकवणारं एक पुस्तक लिहिलं. ते अजून छापलं जातं. त्यात काठी खाली आणायची सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर आहे कंबरेपासून. हात नंतर. मला वाटतं, ज्याला एकेक पाऊल मोजून टाकावं लागलं, त्याचं या बाबतीत आपण ऐकावं.

असो. आता आपल्या मित्राने नेमकं करायचं काय? मी त्याला लिहिलं ते असं. उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं. त्यांना ती सवय असतेच बिचाऱ्यांना.

पाय खांद्यांएवढे फाकवून उभं राहायचं. गुडघे किंचित सैल, खुर्चीवर बसता बसता कुणी "थांब!" म्हटल्यासारखे. वाकायचं ते खुब्यांतून, पाठीला पोक काढून नाही. काठी मागे नेताना वजन उजव्या पायावर येऊ दे, पण पायाच्या आतल्या कडेवर. वजन बाहेरच्या कडेवर गेलं की अंग डोलतं, फिरत नाही. ही पहिली चूक आणि नव्या मुलांत ती फार दिसते. कंबर फिरली पाहिजे, सरकली नाही पाहिजे. रांजणात उभा राहून टोला मारतोयस असं समज. रांजणाच्या कडेला धक्का न लावता आतल्या आत फिरायचं.

मग वरून खाली येताना हातांना काहीही सांगायचं नाही. हे सगळ्यात अवघड! मन ओरडत असतं, मार, मार! त्याऐवजी डावी टाच जमिनीत दाबायची आणि पँटचा डावा खिसा मागे न्यायचा. एवढंच. खिसा मागे गेला की कंबर फिरते, कंबरेमागून खांदे येतात आणि हात आपोआप ओढले जातात. चेंडूपाशी येईपर्यंत डावा पाय सरळ होतो. सगळं झाल्यावर बेंबी कुठे बघतेय ते पाहायचं. बेंबी समोर, जिकडे चेंडू गेला तिकडे, उजव्या पायाची फक्त बोटं टेकलेली आणि टाच वर, तर जमलं. उजवा पाय अजून सपाट चिकटलेला असेल तर पुन्हा हातानेच मारलास.

सॅम स्नीड नावाचा होगनच्याच वयाचा एक खेळाडू होता. अमेरिकेतल्या पीजीए टूरच्या ८२ स्पर्धा त्याने जिंकल्या. आजवर फक्त टायगर वुड्सने तेवढ्या जिंकल्या आहेत. हा स्नीड लहानपणी झाडाच्या फांद्या तासून काठ्या करायचा. जुन्या काठीची लाज वाटणाऱ्यांनी हे वाचावं! खाली येताना त्याचे गुडघे असे फाकायचे की जणू घटकाभर बसणारच आहे. बसायचं आणि उठायचं, त्या उठण्यात जोर. आमच्या घणवाल्या ताईंचंही तेच होतं.

रोज पन्नास जोर काढतोस, ते चांगलंच आहे. पण पन्नासातले पंचवीस कर आणि पंचवीस बैठका काढ, हेही मी लिहिलं. खाण्याचं विचारलंस, तर भाकरी, उसळ, दूध, शेंगदाणे, जे घरात आहे ते पोटभर खा. डब्यातली महागडी पावडर आणायला बाबांना सांगू नकोस.

आईबाबांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. मोठ्यांची लांब, जड काठी लहान मुलाच्या हातात देऊ नका. ती उचलताना पोर पाठ वाकडी करतं आणि तीच सवय लागते. गोल्फपटूंच्या दुखण्यांत कंबरेच्या खालच्या मणक्यांचं दुखणं फार आढळतं. पिळाचा सगळा भार तिथे येतो. खुबे नीट फिरले तर तो भार हलका होतो, नाही फिरले तर पाठीवर पडतो. म्हणून हे पायांचं शिक्षण नुसत्या लांब टोल्यासाठी नाही. आणि मूल "दुखतंय" म्हणालं तर त्या दिवशी खेळ बंद. "थोडं सहन कर" म्हणू नका. मी म्हटलं होतं, एका मुलीचा खांदा चार दिवस धरून बसला.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. काठी नको, मैदान नको, फक्त एक टेनिसचा चेंडू आणि मोकळी जागा हवी. समोर कुणी माणूस आणि काच नाही, हे आधी पाहा. पहिल्यांदा मांडी घालून बसा आणि चेंडू फेका. कुठे पडला तिथे खडूने खूण करा. मग गुडघ्यांवर उभं राहून फेका. मग दोन्ही पाय जुळवून उभं राहून. मग पाय फाकवून कंबर फिरवत. शेवटी एक पाऊल पुढे टाकून आणि तो पाय रोवून. प्रत्येक प्रकाराचे तीन-तीन चेंडू, खुणांची अंतरं मोजून वहीत लिहा. हात पाचही वेळा तोच आहे, हे विसरू नका. आमच्या चौथीच्या वर्गाने हा प्रयोग केला. बसून फेकलेला आणि पाऊल टाकून फेकलेला यांतला फरक बघून ती खांदेदुखीवाली मुलगी माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की मीच फळा पुसायला वळले.

तिचं पुढे काय झालं विचाराल. स्पर्धेत ती तिसरी आली. पहिली येण्याएवढा वेळच मी तिला ठेवला नव्हता.

एक गोष्ट मात्र मी त्या मित्राला मुद्दाम लिहिली, नाहीतर तो लांब टोल्याच्याच मागे लागेल. कोलकात्याला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब म्हणून १८२९ सालचा जुना क्लब आहे. तिथल्या मैदानाची निगा राखणाऱ्या एका कामगाराचा मुलगा त्याच गवतावर खेळत मोठा झाला. त्याचं नाव एस. एस. पी. चौरसिया. उंचीने लहानखुरा, फार लांब मारणाऱ्यांत त्याची कधी गणना झाली नाही. पण झेंड्याजवळचे छोटे टोले इतके नेमके की २०१६ आणि २०१७, लागोपाठ दोन वर्षं त्याने इंडियन ओपन जिंकली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो भारताकडून खेळला. सोबत होता अनिर्बन लाहिरी, ज्याचा जन्म आपल्या पुण्यातला. आणि नीरजने भाला फेकला त्याच दिवशी, ७ ऑगस्ट २०२१ ला, बंगळुरूची अदिती अशोक त्याच ऑलिंपिकमध्ये गोल्फच्या शेवटच्या फेरीत खेळत होती. काठ्यांची पिशवी उचलायला तिची आई. तिच्याहून लांब मारणाऱ्या कितीतरी जणी होत्या, तरी अदिती चौथी आली. कांस्यपदक फक्त एका टोल्याने हुकलं. त्या सकाळी मी टीव्हीसमोर बसले होते. गोल्फमधलं काही कळत नव्हतं, पण पोटात गोळा आला होता.

मी पत्र पाठवलं आणि दोन आठवडे काही उत्तर नाही. मला वाटलं, रागावला. मग दुसरं कार्ड आलं. लिहितो, "बाई, तुम्ही सांगितलं तसं केलं तर पहिल्या सोमवारी चेंडू सगळे उजवीकडे जायला लागले आणि दादा अजून हसले. मी रडलो नाही, पण तुमचा राग आला. मग बाबांनी बघितलं. ते म्हणाले, कंबर पुढे पळते आणि हात मागे राहतात, जरा सावकाश कर. बाबा स्वतः कधी खेळले नाहीत, पण वीस वर्षं लोकांचे टोले बघतात. मग सावकाश केलं. कालच्या सोमवारी तीन चेंडू एकशे तीस पावलांवर गेले. बाकीचे कुठेही गेले. निवड पुढच्या सोमवारी आहे. पाय दुखतात, दंड दुखत नाहीत. हे बरोबर आहे ना?"

बरोबर आहे रे बाबा. सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आधी तुझी आठवण काढीन. आणि तुम्ही सगळ्यांनी पाच प्रकारच्या फेकींची अंतरं पावलांत नाही, मीटरमध्ये मोजून मला पाठवा. वय आणि इयत्ता लिहा. डावखुरे असाल तर तेही लिहा.

तुमच्या बाई